संस्कृत तत्त्वज्ञानाशी आज वाद कोण घालतं?

दूरवर कुणीतरी मांस भाजायला नुकतीच आग पेटवली आहे. अजून धूर निघालेला नाही, पण वासावर किड्यांचा थवा जमून वर घोंघावतो आहे. लांबून पाहणाऱ्या माणसाला तो थवा धुरासारखा दिसतो. "धूर आहे, म्हणजे आग असणार," असं तो मनाशी म्हणतो, आणि आग खरोखरच तिथे आहे. त्याचा निष्कर्ष बरोबर निघाला आणि त्यामागे कारणही होतं. मग तिथे आग आहे हे त्याला माहीत होतं असं आपण म्हणू का?

हे उदाहरण आठव्या शतकातल्या धर्मोत्तर नावाच्या बौद्ध तार्किकाचं आहे. पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने असाच पेच आणखी टोकदार केला. मी मुठीत काही कवड्या धरतो आणि विचारतो, "किती आहेत?" तुम्ही उगाच "पाच" म्हणता. मूठ उघडली तर पाचच! तुमचं म्हणणं खरं ठरलं, पण त्याला ज्ञान म्हणायला मन तयार होत नाही. का होत नाही, हे नेमक्या शब्दांत सांगणं मात्र भलतंच अवघड आहे.

१९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने 'अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकात अवघ्या तीन पानांचा लेख लिहिला. एखादी गोष्ट खरी असावी, ती आपल्याला पटलेली असावी आणि पटण्याला सबळ कारण असावं, हे तिन्ही जमलं की ज्ञान झालं, अशी व्याख्या तेव्हा बरेच जण धरून चालत. गेटियरने अशी उदाहरणं रचली की त्यांत तिन्ही अटी पुऱ्या होतात आणि तरीही तो योगायोगच असतो. या तीन पानांवर पुढे इतकं लिहिलं गेलं की ज्ञानमीमांसेची, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं हे तपासणाऱ्या विद्येची, एक अख्खी शाखा त्यातून वाढली.

"म्हणजे आपल्याकडे हे हजार-बाराशे वर्षं आधीच होतं!" अशी प्रतिक्रिया आपल्यात लगेच उमटते. ती मी समजू शकतो, पण तिच्यावर थांबणं मला फार नुकसानीचं वाटतं. 'आधी कोण' एवढं ठरलं की बोलणं तिथेच संपतं. शिवाय दोघांचा रोखही एक नव्हता. गेटियरला एका व्याख्येतली उणीव दाखवायची होती. श्रीहर्षाला ज्ञानाची कुठलीच व्याख्या टिकत नाही हे दाखवायचं होतं, आणि 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथात तो एकामागून एक व्याख्या हातात घेऊन मोडत जातो. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. त्याच्या आक्षेपांना उत्तरं दिली गेली, त्या उत्तरांवर पुन्हा आक्षेप आले, आणि हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. आज जगातल्या किती तत्त्वज्ञान विभागांत ही उत्तरं वाचली जातात, तपासली जातात, खोडली जातात? थोड्याच. या लेखाचा विषय तोच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. संस्कृत तत्त्वज्ञान म्हटलं की डोळ्यांसमोर वेदान्त, मोक्ष, माया आणि ध्यान येतं. हे सगळं त्यात आहेच, पण त्याच भाषेत वेद न मानणाऱ्यांनीही लिहिलं. नागार्जुन, दिङ्नाग, धर्मकीर्ती हे बौद्ध होते. जैन तार्किकांची स्वतंत्र परंपरा आहे. जयराशी भट्टाने तर प्रत्यक्षासकट सगळ्या प्रमाणांवर, म्हणजे ज्ञानाच्या साधनांवर, हल्ला चढवला. त्याच्या 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथाची छापील प्रत १९४० साली बडोद्याहून निघाली, तीही पाटणच्या भांडारात सापडलेल्या एका ताडपत्री हस्तलिखितावरून. मीमांसक वेद प्रमाण मानत, पण जगाचा कर्ता ईश्वर मानत नसत. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, ईश्वर मानत आणि तो तर्काने सिद्ध करायला बसत. या सगळ्यांना एका भाषेने आणि वादाच्या काही सामायिक नियमांनी एका आखाड्यात आणलं होतं. 'षड्दर्शनं' ही यादी शाळेत पाठ करायला सोयीची आहे, पण त्या यादीत दिङ्नाग आणि धर्मकीर्ती बसतच नाहीत, आणि त्यांना वगळलं तर न्यायदर्शनाची निम्मी वाक्यं कुणाला उद्देशून लिहिली आहेत हेच कळत नाही.

न्यायाचाच धागा घेऊ. गौतमाची न्यायसूत्रं, त्यांवर वात्स्यायनाचं भाष्य. त्यावर दिङ्नागाने आक्षेप घेतले. तेव्हा उद्द्योतकर 'न्यायवार्त्तिक' लिहायला बसला, आणि कुतार्किकांचं अज्ञान दूर करण्यासाठी आपण लिहीत आहोत असं त्याने पहिल्याच श्लोकात जाहीर केलं. रोख कुणावर होता हे वाचणाऱ्याला तेव्हाही कळत होतं. मग धर्मकीर्तीने बौद्ध बाजू नव्याने बांधली. त्यानंतर वाचस्पती मिश्र, उदयन, मग दोन्हीकडच्यांना झोडपणारा श्रीहर्ष, आणि चौदाव्या शतकात मिथिलेतला गङ्गेश. या माणसांमध्ये शतकांचं अंतर आहे, तरी ते समोरासमोर बसल्यासारखे बोलतात. त्यामागे एक शिस्त होती: आपला सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी सांगायचं. चांगला ग्रंथकार पूर्वपक्ष इतका मजबूत करतो की नवखा वाचक त्यालाच ग्रंथकाराचं मत समजून बसतो.

या वादांत नेमकं घडतं काय, हे एका उदाहरणात जरा खोलवर जाऊन बघू. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात राहावं असं मला वाटतं.

'पर्वतावर आग आहे, कारण तिथे धूर आहे.' भारतीय तर्कशास्त्र शिकणारा प्रत्येक जण या वाक्यापासून सुरुवात करतो. हे अनुमान 'जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग' या नियमावर उभं आहे. त्या नियमाला व्याप्ती म्हणतात. नियम उलटा फिरवला, 'जिथे आग तिथे धूर' असा, तर तो मोडतो. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग मानली जाते, पण धूर नसतो. मग आगीबरोबर धूर कधी येतो? सरपण ओलं असेल तेव्हा. ही जी लपलेली अट आहे, ओल्या सरपणाची, तिला उपाधी म्हणतात. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून त्यांच्यात नियम आहे असं मानू नका, मध्ये तिसरं काही काम करतं आहे का ते शोधा, असा हा सल्ला आहे. आकडेवारीवरून कार्यकारणभाव ठरवणाऱ्या कुणालाही तो आज लागू पडेल.

आता फक्त प्रत्यक्ष प्रमाण मानणारा चार्वाक विचारतो: तुम्ही जगातला सगळा धूर पाहिला आहे का? उद्याचा धूर, दूर देशातला धूर? नाही. मग 'जिथे जिथे' हे शब्द कुठल्या जोरावर वापरता? पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलणं हेच अनुमान, आणि अनुमान विश्वासार्ह आहे का हाच तर प्रश्न आहे. १७३९ साली डेव्हिड ह्यूमने जवळपास हाच प्रश्न युरोपात विचारला आणि तिथलं तत्त्वज्ञान अजून त्यातून पुरतं सावरलेलं नाही.

उदयनाने 'न्यायकुसुमाञ्जली'त याला दिलेलं उत्तर एका श्लोकात आहे. त्याचा आशय असा: शंका असेल तर अनुमान आहेच, आणि शंका नसेल तर मग प्रश्नच उरला नाही. 'उद्या किंवा दूर देशी धूर आगीशिवाय असेल' अशी शंका घ्यायची तर 'उद्या' आणि 'दूर देश' आहेत हे आधी मानावं लागतं. ते तर डोळ्यांना दिसत नाहीत, अनुमानानेच कळतात. म्हणजे शंका घेणारा अनुमानाच्याच खांद्यावर उभा राहून अनुमानाला लाथ मारतो आहे. पुढे तो म्हणतो, 'व्याघातावधिराशङ्का': शंकेला सीमा आहे आणि ती सीमा म्हणजे व्याघात, स्वतःच्याच वागण्याशी येणारा विरोध.

श्रीहर्ष हे वाचतो आणि म्हणतो, तुमचाच श्लोक थोडी अक्षरं बदलून म्हणणं आम्हालाही काही अवघड नाही. मग तो खरोखरच उदयनाचा श्लोक तसा बदलून म्हणतो. बदललेल्या श्लोकाचा अर्थ असा: व्याघात आहे म्हणता? विरोध व्हायला दोन बाजू लागतात, आणि त्यांतली एक बाजू शंकाच आहे. म्हणजे व्याघात असेल तर शंका आहेच. जी गोष्ट शंकेच्याच आधाराने उभी आहे, ती शंकेची सीमा कशी होईल?

मला हा क्षण संस्कृत साहित्यातल्या अत्यंत देखण्या क्षणांपैकी एक वाटतो. श्लोकाचा ठेका तोच, शब्द बहुतेक तेच, आणि अर्थ पार उलटा. एवढं असूनही तो नुसता शब्दांचा खेळ नाही, आक्षेप खरा आहे.

गङ्गेश 'तत्त्वचिन्तामणी'त श्रीहर्षाला थेट उत्तर देतो. तो सांगतो की आम्ही शंका आणि व्याघात यांना एकमेकांवर टेकवून ठेवलेलं नाही. शंकेला अडवते ती माणसाची स्वतःची कृती. धूर हवा असला की तो आग पेटवतो, भूक लागली की जेवतो, दुसऱ्याला काही सांगायचं असलं की शब्द वापरतो, आणि दर वेळी हेच करतो. 'आगीशिवायही धूर होत असेल' अशी शंका त्याच्या मनात खरोखर असती तर तो दर वेळी असा निःशंकपणे आग पेटवायला गेला नसता. तोंडाने बोललेली शंका आणि मनात असलेली शंका या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे उत्तर पुरेसं आहे का? माझं मत सांगतो: अर्धं पुरेसं आहे. माणूस निःशंकपणे वागतो यावरून त्याला शंका नाही एवढं सिद्ध होतं. शंका घ्यायला जागाच नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. श्रीहर्ष समोर असता तर त्याने हेच बोट दाखवलं असतं. पण गङ्गेशाच्या बाजूनेही बोलता येईल. जी शंका कुणालाच येत नाही, जिच्यामुळे कुणाच्याच वागण्यात केसभर फरक पडत नाही, तिला शंका का म्हणायचं? १८६८ साली अमेरिकेत चार्ल्स पर्सने, सगळ्यावर संशय घेऊन सुरुवात करणाऱ्या देकार्तविरुद्ध असाच मुद्दा मांडला, की जे मनापासून संशयास्पद वाटत नाही त्याचा तत्त्वज्ञानात खोटा संशय धरू नये. विसाव्या शतकात विट्गेनस्टाइन आयुष्याच्या शेवटी शेवटी याच प्रश्नाशी झुंजत होता. या दोघांच्या शेजारी गङ्गेशाला बसवला तर वाद पुढे जातो, कारण गङ्गेशापुढे श्रीहर्ष होता. असा प्रतिपक्षी त्या दोघांनाही भेटला नव्हता.

मग ही मंडळी तत्त्वज्ञानाच्या वर्गात का दिसत नाहीत?

त्याची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. युरोपात संस्कृत पोचलं ते भाषाशास्त्र आणि धर्म या दोन दारांतून. १८१८ मध्ये बॉन विद्यापीठात आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलला संस्कृतचं अध्यासन मिळालं. ऑक्सफर्डचं बोडेन अध्यासन १८३२ मध्ये सुरू झालं, आणि त्यासाठी पैसा ठेवणाऱ्या कर्नल बोडेनचा हेतू भारतीयांच्या धर्मांतराला मदत व्हावी असा उघडपणे लिहिलेला होता. याच सुमारास इंग्रज संस्कृत अभ्यासक कोलब्रुकने भारतीय दर्शनांवर अभ्यासपूर्ण निबंध लिहिले आणि ते जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने वाचले. पण हेगेलने सांगितलेल्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासात खरं तत्त्वज्ञान ग्रीसमध्ये सुरू होतं, आणि भारताला फार तर प्रस्तावनेत जागा मिळते. हा साचा पुढे पाठ्यपुस्तकांत इतका मुरला की तो कुणीतरी घेतलेला निर्णय होता हेच लोक विसरले. संस्कृत ग्रंथ भाषाशास्त्रज्ञांकडे गेले. त्यांनी ते जपले, तपासले, छापले, आणि त्यांचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत. पण धर्मकीर्तीचं म्हणणं बरोबर आहे की चूक, हे विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

भारतात वेगळीच फाळणी झाली. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं निघाली. तिथे तत्त्वज्ञान शिकवलं गेलं ते इंग्रजीत, ब्रिटिश अभ्यासक्रमानुसार. पाठशाळांत न्याय, मीमांसा, वेदान्त संस्कृतात चालू राहिले. संस्कृत विभाग तिसरीकडे. पंडिताला कांट ठाऊक नाही, प्राध्यापकाला गङ्गेश मुळातून वाचता येत नाही, आणि दोघंही एकाच शहरात राहतात. त्यात स्वातंत्र्यलढ्याच्या काळात 'पश्चिम भौतिक, आपण आध्यात्मिक' ही मांडणी आपल्यालाच आवडू लागली. आत्मविश्वास परत मिळवायला तिचा उपयोग झाला असेल, पण तिने तर्क, भाषा, प्रत्यक्ष यांवरचं हजार वर्षांचं काम अंधारात ढकललं. राधाकृष्णन १९३६ मध्ये ऑक्सफर्डला ज्या स्पाल्डिंग अध्यासनावर गेले, त्याचा विषयच 'पौर्वात्य धर्म आणि नीती' असा होता. तत्त्वज्ञ दयाकृष्ण यांनी पुढे या 'आध्यात्मिक' प्रतिमेवर सडकून टीका केली. भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे मोक्षशास्त्र, हा समज ग्रंथ उघडून तपासला तर टिकत नाही, असं त्यांनी तपशीलवार दाखवलं.

दयाकृष्ण आणि आपले मे. पुं. रेगे यांनी इतर सहकाऱ्यांबरोबर १९८३ साली पुण्यात जे घडवून आणलं, त्याचा मराठी वाचकाला अभिमान वाटायला हवा. पंडित आणि इंग्रजीत काम करणारे तत्त्वज्ञ यांना त्यांनी एका ठिकाणी बसवलं आणि चर्चेला विषय दिला बर्ट्रांड रसेलचा. वाक्याचा जो आशय असतो, जो खरा किंवा खोटा ठरतो, त्याला रसेलच्या परंपरेत स्वतंत्र वस्तूसारखं स्थान आहे. न्यायाला असं काही मानावं लागतं का, हे पंडितांना विचारलं गेलं. रसेलचं म्हणणं संस्कृतात मांडलं गेलं आणि पंडितांनी त्याला तोलून उत्तरं दिली. त्यात भारतीय तत्त्वज्ञानाचा गौरव करायचा नव्हता, ते कामाला लावायचं होतं. या चर्चेचं पुस्तक १९९१ मध्ये 'संवाद' या नावाने निघालं. हा प्रयोग पुढे आणखी काही ठिकाणी झाला, पण तो विद्यापीठांचा रोजचा रिवाज झाला नाही, याची मला खंत आहे.

तसं महाराष्ट्राचं या क्षेत्रातलं काम लहान नाही. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' आजही जगभरचे अभ्यासक उघडतात. अमळनेरला प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' निघाला. वाईची प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची परंपरा तर आपल्याला ठाऊकच आहे.

परदेशात वारं फिरायला लागलं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९५१ मध्ये हार्वर्डच्या डॅनियल इंगॉल्सनी नव्यन्यायाच्या तर्कशास्त्रावरचं पुस्तक लिहिलं. नव्यन्याय म्हणजे गङ्गेशानंतर नवद्वीप आणि मिथिलेत वाढलेली अतिकाटेकोर परिभाषा. अवच्छेदक, प्रतियोगी, निरूपित अशा शब्दांनी तिथे साधं वाक्यही असं बांधलं जातं की दुसरा अर्थ काढायला फट राहू नये. याच इंगॉल्सकडे कलकत्त्याहून बिमलकृष्ण मतिलाल आले. ते संस्कृत महाविद्यालयात न्याय शिकलेले तर्कतीर्थ होते. हार्वर्डला त्यांना क्वाइनसारख्यांचं आधुनिक तर्कशास्त्र मिळालं. मतिलालांनी आयुष्यभर एकच गोष्ट चिकाटीने केली: समकालीन तत्त्वज्ञांना त्यांच्याच प्रश्नांवरची नैयायिक आणि बौद्ध उत्तरं नेमकेपणाने दाखवली. त्यांनीच 'जर्नल ऑफ इंडियन फिलॉसॉफी' सुरू केलं, आणि ज्या अध्यासनावर राधाकृष्णन बसले होते तिथेच ते १९९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवत राहिले.

आज चित्र खूपच बरं आहे. मतिलालांचे विद्यार्थी जोनार्दन गनेरी यांच्यासारखे अभ्यासक मुख्य प्रवाहातल्या तत्त्वज्ञान विभागांत शिकवतात. स्टीफन फिलिप्स यांच्या अनेक वर्षांच्या कामातून तत्त्वचिन्तामणीचा इंग्रजी अनुवाद उभा राहिला. स्टॅनफर्डच्या ऑनलाइन तत्त्वज्ञानकोशात धर्मकीर्तीपासून गङ्गेशापर्यंत स्वतंत्र नोंदी आहेत, त्या कुणालाही फुकट वाचता येतात. डेरेक पारफिटने १९८४ च्या आपल्या ग्रंथात 'स्थिर असा मी कुणी नाही' हे मत मांडताना बुद्धाच्या मतावर एक परिशिष्टच जोडलं. ग्रॅहम प्रीस्टसारखे तर्कशास्त्रज्ञ नागार्जुनाला परस्परविरोधी विधानं सहन करणाऱ्या तर्कशास्त्राच्या दृष्टीने वाचतात. त्यांचं वाचन बरोबर आहे का यावर जोरदार मतभेद आहेत, आणि मतभेद आहेत हीच चांगली खूण आहे.

तरी मुख्य दार अजून अर्धंच उघडलं आहे. २०१६ मध्ये जे गारफिल्ड आणि ब्रायन व्हॅन नॉर्डन या दोन तत्त्वज्ञांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये रोखठोक लिहिलं, की जे विभाग फक्त युरोप-अमेरिकेचं शिकवतात त्यांनी निदान नाव तरी प्रामाणिकपणे 'युरोपीय आणि अमेरिकी तत्त्वज्ञान विभाग' असं ठेवावं. त्यावर बराच गदारोळ झाला. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला गंभीर वाटतो: संस्कृत शिकायला वर्षं लागतात, मग तत्त्वज्ञान कधी करायचं? अडचण खरी आहे. पण प्लेटो शिकवणारे सगळेच ग्रीक जाणत नाहीत, ते चांगल्या अनुवादांवर विसंबतात. चांगले अनुवाद मागणीशिवाय होत नाहीत आणि अनुवादांशिवाय मागणी येत नाही. हे चक्र कुठेतरी तोडायचं तर अभ्यासक्रमात एक धडा, परीक्षेत एक प्रश्न, इतक्या छोट्या जागेपासून सुरुवात होते. ज्ञानमीमांसेच्या तासाला गेटियरबरोबर श्रीहर्षाचं एक पान वाचलं तर काय बिघडेल?

आपल्या बाजूलाही एक अडथळा आहे आणि तो मला जास्त टोचतो. संस्कृत म्हटलं की आपण एक तर हात जोडतो, नाही तर पाठ फिरवतो. पाठ फिरवण्यामागे खरी वेदना आहे. ज्या भाषेत वादाचं एवढं स्वातंत्र्य होतं, तिच्या पाठशाळांची दारं बहुसंख्य समाजाला आणि स्त्रियांना बंद होती. हे लपवून कुठलाही अभ्यास होऊ नये. पण त्या विषमतेवरचा वादही याच ग्रंथांत आहे. कुमारिल भट्टाने ब्राह्मणत्व ही खरी, प्रत्यक्ष कळणारी जात आहे असं तर्काने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, आणि बौद्धांनी त्याची चिरफाड केली. धर्मकीर्तीने मूर्खपणाची पाच लक्षणं एका श्लोकात सांगितली आहेत: वेद प्रमाण मानणं, जगाला कर्ता आहे असं मानणं, स्नानाने पुण्य मिळेल अशी इच्छा, पाप घालवायला शरीराला कष्ट देणं, आणि जातीचा गर्व. सातव्या शतकाच्या आसपासचा हा माणूस संस्कृतात लिहीत होता. त्याच्या 'प्रमाणवार्त्तिका'ची हस्तलिखितं १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधून शोधून आणली. संस्कृत तत्त्वज्ञान एकाच बाजूच्या मालकीचं आहे असं मानणाऱ्या दोन्ही गटांनी हा श्लोक वाचावा.

वाद आजच्या प्रश्नावर कसा चालवायचा, याचा एक नमुना देतो. दुसऱ्याच्या शब्दांवरून मिळालेलं ज्ञान, म्हणजे शब्दप्रमाण, हा विषय पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बराच काळ दुर्लक्षित राहिला. १९९० च्या दशकापासून त्याला तिथे जोर आला आणि त्या चर्चेत न्यायाला खरोखर जागा मिळाली. न्यायात शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वाक्य. आप्त कोण? वात्स्यायन सांगतो: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे, असंही तो लगेच म्हणतो. विश्वास जन्मावर नाही, जाणण्यावर आणि सचोटीवर.

पुढे नव्यनैयायिकांसमोर एक खट्याळ प्रश्न आला. पोपट बोलला तर? पोपटाला काही ठाऊक नाही, त्याला काही सांगायचंही नाही. तरी त्याचं वाक्य ऐकून आपल्याला अर्थ कळतो, आणि वाक्य खरं असेल तर खरी माहितीही मिळते. वाक्याचा अर्थ कळायला बोलणाऱ्याचं तात्पर्य, म्हणजे त्याला काय सांगायचं आहे ते, कळावं लागतं, असं मानणाऱ्यांची इथे पंचाईत होते. सतराव्या शतकातल्या 'सिद्धान्तमुक्तावली'त एक उत्तर दिलं आहे: पोपटाचं वाक्य खरं असेल तर त्यामागे ईश्वराचं तात्पर्य धरावं, आणि खोटं असेल तर ते पढवणाऱ्याचं. तिथेच दुसरं मतही नोंदवलेलं आहे, की तात्पर्य कळण्याची गरज फक्त दोन अर्थ निघू शकतात अशा वाक्यांपुरतीच असते.

आज यंत्रं अस्खलित वाक्यं लिहितात. त्यांनी काही स्वतः जाणलेलं नाही, आणि जाणलेलं सांगण्याची इच्छा त्यांच्यात आहे असंही आपण म्हणत नाही. वात्स्यायनाच्या कसोटीवर ती आप्त नाहीत. मग त्यांचं खरं निघालेलं वाक्य वाचून आपल्याला जे मिळतं ते ज्ञान, की श्रीहर्षाच्या मुठीतल्या पाच कवड्या? पढवणाऱ्याचं तात्पर्य धरावं म्हटलं तर पढवणारे लाखो आहेत, आणि त्यांतल्या कुणालाच हे विशिष्ट वाक्य सांगायचं नव्हतं. यावर नैयायिक असं म्हणू शकेल की हे शब्दप्रमाण नाहीच, हे अनुमान आहे: अमुक यंत्राची वाक्यं बहुधा खरी निघतात, म्हणून हेही खरं असावं. पण तसं म्हटलं की व्याप्ती दाखवावी लागेल, उपाधी शोधावी लागेल, आणि 'बहुधा' या शब्दावर चार्वाक पुन्हा बोट ठेवेल. मला स्वतःला अनुमानाची बाजू जास्त बळकट वाटते. मीमांसक मात्र ती मान्य करणार नाही. त्याच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असतं, दोष दाखवून देईपर्यंत त्याला वेगळा आधार लागत नाही, आणि मग आधार देण्याऐवजी दोष दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर येते.